माती लागली आहे का?

मराठी माणसाने मातीवर कविता केल्या. ऑस्ट्रेलियाने मातीवर कायदा केला. या दोन विचारसरणी ज्या कागदावर समोरासमोर येतात, त्याचं नाव फॉर्म बी५३४. जहाजाने घरसामान नेणाऱ्या प्रत्येकाने तो ऑस्ट्रेलिया सरकारला भरून द्यायचा असतो. सामानात खाण्याचे पदार्थ आहेत का, बिया आहेत का, लाकूड, वेत, बांबू, गवत आहे का, पिसं, कातडी, शिंपले आहेत का, बागकामाची अवजारं आहेत का, बुटांना किंवा सायकलीला माती लागली आहे का, अशी ही उलटतपासणी चालते. या सगळ्याला प्रामाणिकपणे 'नाही' म्हणू शकेल असं मराठी घर मी अजून पाहिलेलं नाही. असलंच तर ते घर नसावं, सॅम्पल फ्लॅट असावा.

आमची मुलगी आणि जावई पुण्यातलं बिऱ्हाड हलवून मेलबर्नला राहायला गेले, तेव्हा या फॉर्मची आणि माझी ओळख झाली. त्याआधी सामान हलवण्याच्या विषयात मी स्वतःला जाणकार समजत होतो. सरकारी नोकरीत बदली झाली की आमचं बिऱ्हाड ट्रकमधून निघायचं. दोन हमाल, सुतळीचा गुंडा आणि काचसामान गुंडाळायला जुन्या साड्या, एवढ्या भांडवलावर आम्ही संसार जळगावहून सांगलीला नेला आहे. वाटेत जकात नाका लागे. नाक्यावरचा माणूस ताडपत्रीचं टोक उचले, त्याला उलटी खाट आणि तुळशीवृंदावन दिसे, आणि 'घरसामान आहे, जाऊ द्या' म्हणून तो चहाकडे वळे. ज्यात सरकारला काडीचा रस नसतो ते घरसामान, असा माझा समज होता. परक्या देशाचं सरकार आमच्या रवीत आणि विळीत इतका रस घेईल हे कधी वाटलं नव्हतं.

पहिला धक्का मात्र सर्व्हेला आलेल्या मुलाने दिला. परदेशी सामान पाठवणाऱ्या कंपनीकडून एक माणूस आधी घर बघायला येतो. घर बघायला येणारी माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. ती बाल्कनीत जाऊन 'हवा छान येते' म्हणतात आणि भाव पाडण्यासाठी बाथरूममध्ये ओल शोधतात. या मुलाला भिंतींशी कर्तव्यच नव्हतं. तो वस्तूंकडे बघून नुसता पुटपुटत होता, "दीड... पाऊण... सव्वा..." हे घनमीटर. धंद्यातला शब्द 'सीबीएम'. समुद्रमार्गे जाणाऱ्या घरसामानाचे पैसे वजनावर नव्हे, ते जागा किती अडवतं त्यावर ठरतात. कपाट सुटं केलं तर अर्धा, नाही तर दीड. पुस्तकांच्या भिंतीपुढे उभा राहून 'एवढी सगळी वाचलीत का काका?' असं त्याने विचारलं नाही. 'एक' म्हणून पुढे गेला. जाता जाता त्याची नजर माझ्यावर क्षणभर ठरली. मनात त्याने 'पॅकिंगसकट अर्धा' असं म्हटलं असणार, याबद्दल मला शंका नाही.

वीस फुटी कंटेनरची क्षमता साधारण ३३ घनमीटर. तेवढं सामान नसेल तर वाटणीचा कंटेनर घ्यायचा. त्यात तुमच्या गाद्यांशेजारी कोणा अनोळखी माणसाची ट्रेडमिल झोपते. जावयांनी वाटणीचा पर्याय निवडला आणि एक एक्सेल शीट उघडली. प्रत्येक वस्तूपुढे घनमीटर, नेण्याचा खर्च, तिथे नवीन घेण्याचा खर्च आणि शेवटी निर्णय: न्यायची, विकायची, आई-बाबांकडे टाकायची. तिसऱ्या निर्णयाने आमचा फ्लॅट भरत चालला. कागदावर हे शास्त्र बिनतोड होतं. गाडी अडली ती आमच्या सौ.च्या सासूबाईंच्या पाटावर. बाजारभाव शून्य, वापर वर्षातून एकदा, न नेल्यास आईंचा विरोध प्रचंड. हे शेवटचं सदर जावयांनी शीटमध्ये मागाहून वाढवलं आणि त्यानंतर जवळजवळ सगळे निर्णय त्याच सदराने लावले.

त्यातच ही बातमी विहीणबाईंपर्यंत गेली. त्यांनी पितळी डबा, समई आणि खलबत्ता पाठवला. आमच्या घरात प्रश्न आला, "त्यांना किती घनमीटर मिळाले?" खलबत्त्याचा आकार लहान आणि वजन दणदणीत, घनमीटरच्या हिशेबात विहीणबाई हुशार ठरल्या. मग इकडून पुरणयंत्र, शेवेचा सोऱ्या, मोदकपात्र आणि घरचं सूप निघालं. दोन्ही घरच्या माउल्यांनी दोन महिने वाटणीचा दावा चालवला आणि दोघींनाही मेलबर्नला जायचं नव्हतं.

पुढची पायरी पॅकिंग लिस्टची. खोका क्रमांक, वस्तू, नग, अंदाजे किंमत, किती जुनी. आपण आयुष्यभर एका घरात राहतो, पण त्यात काय काय आहे याची यादी कधी कोणी मागत नाही. मागितली की भांडणं होतात. यादीवरून कळलं की घरात झारे सात आहेत आणि कात्री एकही नाही. चाळीस प्लॅस्टिकचे डबे निघाले आणि झाकणं सव्वीस, त्यातलीही नऊ दुसऱ्या कोणाची. किंमतीच्या सदरापाशी तर सगळ्यांचीच जीभ अडखळायची. विम्यासाठी किंमत जास्त लावावी वाटते, कस्टमसाठी कमी. एकाच समईची दोन कागदांवर दोन मूल्यं लिहायचा मोह होतो आणि कंपनीचा माणूस शांतपणे म्हणतो, "सर, दोन्हीकडे एकच आकडा जातो."

या यादीतलं माझं आवडतं सदर 'किती जुनी'. ऑस्ट्रेलियाचा नियम असा की तुम्ही निघण्याआधी किमान बारा महिने जी वस्तू तुमच्या मालकीची होती आणि तुम्ही वापरत होता, तिच्यावर जकात नाही. नव्या वस्तूवर जकात आणि जीएसटी लागू शकतो. आयुष्यात प्रथमच जुन्याचं सोनं खरंच झालं. तळ काळा पडलेली कढई, एक कान तुटलेला कुकर, मधोमध खड्डा पडलेली गादी हे सगळे करमुक्त श्रेणीतले मानकरी निघाले. जावई मोठ्या अभिमानाने कढईचे फोटो काढत होते.

अडचण आली डिनर सेटची. लग्नात आलेला, छत्तीस नगांचा, सोनेरी कडेचा. मालकी अकरा वर्षांची, वापर शून्य. खोक्याची मूळ पट्टीसुद्धा उघडलेली नव्हती. नियमात 'मालकी आणि वापर' असं आहे, त्यातला 'आणि' मराठी घराला झेपणारा नाही. आमच्याकडे चांगल्या वस्तूची मालकी वेगळी आणि वापर वेगळा. मालकी माळ्यावर असते. वापर स्टीलच्या ताटात. "चांगला आहे, खराब होईल" हे वाक्य आपल्या संसाराचा पाया आहे आणि त्यासाठी कोणत्याही देशाच्या कस्टमने फॉर्ममध्ये रकाना ठेवलेला नाही. जावयांनी वाट काढली नाही, खरंच लिहिलं: अकरा वर्षं जुना, न वापरलेला. शिवाय जाण्याआधीच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोन्ही वेळा त्याच सेटमध्ये जेवलो. कायद्याच्या दृष्टीने त्याचा शून्य उपयोग होता, हे जावयांनी सांगितलं. पण निदान पिठलं-भाकरी सोनेरी कडेच्या ताटात कशी दिसते ते कळलं. ओशाळलेली दिसते.

आता तुम्ही म्हणाल, एका देशाने पाट, सूप, बूट आणि बी यांची एवढी धास्ती का घ्यावी? उत्तर असं की हा देश एकदा सामानाने होरपळलेला आहे, आणि तेही स्वतःच आणलेल्या. १७८७ साली इंग्रजांचं पहिलं आरमार कैद्यांना घेऊन सिडनीकडे निघालं, ते वाटेत ब्राझीलला थांबून निवडुंग घेऊन गेलं. त्या निवडुंगावर कोचिनील नावाचे किडे वाढतात, त्या किड्यांपासून लाल रंग मिळतो, आणि त्या रंगाने सैनिकांचे कोट रंगवायचे असा बेत होता. पुढे आणखी निवडुंग आले. कोट राहिले बाजूला. १९२० च्या दशकापर्यंत निवडुंगाने दोन कोटी हेक्टरांहून जास्त जमीन व्यापली आणि शेतकरी घरंदारं सोडून निघाले. अखेर अर्जेंटिनाहून कॅक्टोब्लास्टिस नावाचा पतंग आणला. त्याच्या अळ्यांनी निवडुंग आतून पोखरून खाल्ला. उपकृत झालेल्या क्वीन्सलंडमधल्या बूनार्गा गावाने १९३६ साली त्या पतंगाच्या नावाने सभागृह बांधलं. आपल्याकडे सभागृहाच्या नावावरून महापालिकेत किती सभा तहकूब होतात हे ज्यांना माहीत आहे, त्यांना एका अळीच्या बिनविरोध निवडीचं मोल कळेल.

ससे १८५९ साली आले. मेलबर्नच्या पश्चिमेला राहणाऱ्या थॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराला शिकारीचा शौक होता, म्हणून त्याने इंग्लंडहून थोडे ससे मागवले. पुढचं काम सशांनी स्वतःच मनावर घेतलं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला पश्चिम ऑस्ट्रेलियाने त्यांना अडवायला तीन हजार किलोमीटरहून लांब कुंपणं घातली; कुंपण पुरं होईपर्यंत ससे पलीकडे पोचले होते. मग १९३५ साली उसावरचे भुंगे खायला हवाईहून बेडूक आणले. भुंगे उसाच्या शेंड्यावर, बेडूक जमिनीवर. दोघांची गाठ पडेना. बेडकांनी भुंगे सोडून बाकी सगळं खाल्लं. एवढं झाल्यावर कोणीही देश बुटाला माती लागली आहे का हे विचारेल.

आपण पुणेकरांनी तर त्यांना हसूच नये. गाजर गवताची आपल्या देशातली ठळक पहिली नोंद १९५०च्या दशकाच्या मध्यावर पुण्यात झाली आहे. अमेरिकेतून आलेल्या धान्यातून त्याचं बी आलं असं मानतात. ते तेव्हा बंदरात कोणी अडवलं असतं, तर आज निम्म्या पुण्याच्या शिंका वाचल्या असत्या. पण आमच्या नाक्यावरच्या माणसाला घरसामानात रस नव्हता आणि धान्यातल्या बियांतही नसावा.

ऑस्ट्रेलियाचा नियम माणूस बघत नाही, हे मात्र मान्य केलं पाहिजे. २०१५ साली हॉलिवूडचा जॉनी डेप स्वतःच्या विमानाने क्वीन्सलंडला उतरला. बरोबर पिस्टल आणि बू नावाची दोन कुत्री होती, फॉर्मवर नव्हती. कृषिमंत्र्यांनी टीव्हीवर सांगितलं की कुत्री परत न्या, नाही तर मारावी लागतील. कुत्री परत गेली. पुढच्या वर्षी डेप आणि त्याची तेव्हाची पत्नी अॅम्बर हर्ड या दोघांनी कॅमेऱ्यासमोर बसून, रेशन दुकानासमोर उभं राहून तक्रार मागे घेणाऱ्या माणसाच्या चेहऱ्याने, ऑस्ट्रेलियाच्या जैवसुरक्षेचं महत्त्व सांगितलं. पडद्यावरच्या चाच्यांचा नायक जिथे टिकला नाही, तिथे आमच्या सौ.च्या मेतकुटाचं काय?

कारण मेतकूट निघालंच. पॅकिंगच्या आदल्या रात्री चौदा नंबरच्या खोक्यात, बेडशीटच्या घडीत, स्टीलच्या डब्यात. शेजारी गोडा मसाला, भाजणी आणि वाळवलेला कढीपत्ता.

"आई, घरसामानात खायचं काहीही घालायचं नाही," जावई म्हणाले.

"खायचं कुठे आहे? मसाला आहे."

"आणि कढीपत्ता?"

"तो तर फोडणीचा. खाताना बाजूलाच काढतात."

कायद्याच्या परीक्षेत या उत्तराला पैकीच्या पैकी गुण मिळाले असते. पण कढीपत्ता लिंबाच्या कुळातला. त्यावर बसणारा सिल्ला नावाचा इवलासा कीटक संत्र्या-मोसंबीच्या झाडांना असा रोग लावतो की बाग बसते. नागपूरकडच्या संत्रा बागायतदाराला सिल्ला म्हणजे काय ते विचारा. तो तुम्हाला ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याची बाजू जास्त चांगली समजावून देईल. डबा परत स्वयंपाकघरात गेला. दुधाच्या मिठाईचं तर नावच नको. आपल्याकडे गुरांना लाळ्या-खुरकुत होतो आणि तिकडे तो नाही, त्यामुळे पेढा-बर्फी हाही त्यांच्या लेखी गुरांच्या रोगाचा वाहक. अमेरिकेतही तीच तऱ्हा. २०२१ साली वॉशिंग्टनच्या विमानतळावर भारतातून आलेल्या एका बेवारस बॅगेत दोन गोवऱ्या सापडल्या. त्यांच्या कस्टमने त्या नष्ट केल्या आणि रीतसर पत्रक काढलं. त्यात गोवरीचे इंधन म्हणून, खत म्हणून आणि कांतीसाठी होणारे उपयोगसुद्धा नमूद केले. गोवरीची एवढी सविस्तर दखल आपल्याकडे कधी कोणी घेतली नव्हती.

जुन्या काळी हे सगळं राजेरजवाड्यांना सोपं होतं. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाला जयपूरचे महाराज सवाई माधोसिंह लंडनला निघाले. परक्या पाण्यावर भरवसा नव्हता, म्हणून चांदीच्या प्रचंड कलशांत गंगाजल भरून बोटीवर चढवलं. एकेका कलशात चार हजार लिटर पाणी. आजही ते कलश जयपूरच्या राजवाड्यात बघायला मिळतात. लंडनच्या बंदरात 'यात काय आहे, नग किती, किती जुनं' असं त्यांना कोणी विचारलं असेल असं वाटत नाही. आमच्या देव्हाऱ्यातल्या गंगाजलाच्या गडूचा मात्र वेगळा रकाना झाला आणि जावयांनी 'घरीच राहील' असं लिहून तो निकालात काढला.

मग आली माती. जावयांना ट्रेकिंगचा नाद. राजगड, तोरणा, हरिश्चंद्रगड, अलंग-मदन-कुलंग अशा सगळ्या ठिकाणच्या मातीचे थर त्यांच्या बुटांच्या तळव्यात कालक्रमाने साठलेले. भूगर्भशास्त्राच्या विद्यार्थ्याला त्यावर प्रबंध लिहिता आला असता. कंपनीच्या माणसाने सांगितलं, "तळव्याच्या खाचांत सुईच्या टोकाएवढी माती राहिली तरी अडकतं." मग बाल्कनीत दाताचा ब्रश, टूथपिक आणि बादली घेऊन महाराष्ट्राच्या डोंगरांची सफाई सुरू झाली. ज्या मातीचा कण कपाळाला लावावा असं शाळेत शिकलो, तिचा गाळ बाल्कनीच्या नळातून कोथरूडच्या गटारात चालला होता. माझ्या पिढीचा माणूस अशा वेळी दोन ओळी पुटपुटतो. मी पुटपुटलोही. जावई म्हणाले, "बाबा, तेवढी सायकलची चाकं पण बघा ना."

खरं तर मातीवर एवढं प्रेम करणाऱ्या आपल्या लोकांनी तिच्याकडे भिंगातून कधी बघितलं नाही. ऑस्ट्रेलियन अधिकाऱ्याने बघितलं. चिमूटभर मातीत बुरशी, सूत्रकृमी, तणांचं बी, जंतू काय काय नांदतं हे त्याला पाठ आहे. आपण तिला आई म्हणून सोडून देतो. तो तिला गांभीर्याने घेतो.

लाकडाचं दुखणं वेगळं. जहाजातल्या लाकडी पेट्या आणि फळ्या यांनाही आंतरराष्ट्रीय नियम आहे. लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग तीस मिनिटं तापवायचं आणि त्यावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का मारायचा. विदर्भात मे महिन्यात हे काम फुकटात झालं असतं, असं मी सुचवून पाहिलं. ४७-४८ वर ते थांबतं, म्हणून नामंजूर. कीड मारायला मिथाइल ब्रोमाइडची धुरीही देतात. ती रबर, चामडं आणि लोकर यांना लागली की विचित्र वास सुटतो. म्हणून कोणी सांगितलं लोकरीचे कपडे वेगळे, कोणी सांगितलं बूट वेगळे. आणि सगळ्यांच्या तोंडी एक नाव: खापरा भुंगा. हा मूळचा आपल्याच उपखंडातला, धान्याच्या कोठाराचा जुना गडी. अळीच्या रूपात काही न खाता वर्षानुवर्षं फटीत दबा धरून बसतो. भारतातून परदेशी जाऊन स्वतःच्या नावाचा स्वतंत्र सरकारी बंदोबस्त करून घेणारा एवढा यशस्वी अनिवासी दुसरा नसेल.

अखेर खोके न्हावा-शेव्याला गेले. हे बंदर मे १९८९ मध्ये सुरू झालं, मुंबईच्या जुन्या बंदराचा भार हलका करायला. तिथे आता जगभरचे डबे इकडून तिकडे उचलले जातात आणि क्लिअरिंग एजंट नावाचा माणूस तुमच्या पासपोर्टच्या प्रती घेऊन तुमच्या संसाराची बाजू मांडतो. वकील आणि भटजी यांच्या मधलं हे काम. मंत्र त्याचे, फळ तुमचं, दक्षिणा ठरलेली. वाटेत सिंगापूर किंवा कोलंबोला डबा दुसऱ्या बोटीवर चढतो. बोट कुठे आहे हे मोबाइलवर दिसतं, हे सौ.ला कोणीतरी शिकवलं. त्यानंतर रोज सकाळी चहाबरोबर प्रश्न यायचा, "कुठवर आले पाट?" एक दिवस बोट समुद्रात एकाच जागी थांबलेली दिसली तेव्हा तिने विहीणबाईंना फोन करून सांगितलं, "तुमच्या खलबत्त्याचं वजन झालं असेल."

समुद्राचा एक जुना कायदा तेव्हा मला कळला आणि मी हैराण झालो. त्याला 'जनरल अॅव्हरेज' म्हणतात. जहाज वाचवायला कप्तानाने कोणाचा माल समुद्रात टाकला किंवा मोठा खर्च केला, तर त्याचा वाटा ज्यांचा माल सुखरूप आहे त्यांनीही भरायचा. हा दंडक ग्रीकांच्या काळापासूनचा आहे. मार्च २०२१ मध्ये 'एव्हर गिव्हन' हे जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं आणि सहा दिवस जगाचा व्यापार रोखून बसलं, तेव्हा मालकांनी हेच कलम लावलं. त्यावर अठरा हजारांहून जास्त कंटेनर होते. कोणाचे बूट, कोणाचं फर्निचर; सगळ्यांना आपला माल सोडवून घेण्याआधी हमी द्यावी लागली. म्हणजे तुम्ही पाट पाठवायचा आणि अनोळखी माणसाच्या टायरच्या नुकसानीत भाऊ म्हणून वाटा उचलायचा. भाऊबंदकीची ही समुद्री आवृत्ती आमच्या नातेवाइकांना कळली नाही, हे फार बरं.

सामान मेलबर्नला पोचलं, आणि मग इकडे बसून आमची परीक्षा सुरू झाली. सामानाचा मालक तिथे नसतो. खोके गोदामात उघडतात, अधिकारी बघतो आणि त्याच्या वेळेचे पैसे पाव-पाव तासाच्या हिशेबाने आपल्याला लागतात. गणपतीच्या आरत्या जोरजोरात लांबवणारे आम्ही; पाव तासाला पैसे मोजायचं कळल्यावर घरात कोणी मोठ्याने श्वासही घेईना. दाताच्या ब्रशने धुतलेले बूट पास झाले. पाट पास झाला. खलबत्ता तर निर्जीव दगडच, त्याने विहीणबाईंची मान उंच ठेवली. अडकलं ते आमचं सूप.

सुपाच्या बांबूत बारीक भोकं आणि त्यातून पडलेलं पीठ. अधिकाऱ्याने तीन पर्याय कळवले: किरणोत्सर्गाने किंवा धुरीने उपचार, परत पाठवणी, किंवा नाश. तिन्हींचा खर्च मालकाचा. भोरच्या बाजारात घेतलेल्या सुपावर गॅमा किरण सोडायचे, तर सुपाच्या शंभरपट पैसे. सौ. म्हणाली, "परत पाठवा म्हणावं." मुलीने परतीच्या भाड्याचा आकडा सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "बरं, पण त्यांना विचार, जाळण्याआधी तेवढी वरची वेताची कड काढून ठेवता येईल का?" नाही आली. नाश या पर्यायापुढे मुलीने खूण केली आणि एका परक्या सरकारने आमच्या सुपाचं उत्तरकार्य शासकीय इतमामात उरकलं. पावती आली. इथे माणसाची पावती मिळवायला खेटे घालावे लागतात.

आणि यानंतर मुलगी डँडेनाँगच्या 'लिटल इंडिया'त गेली. मेलबर्नच्या त्या उपनगरात कुकर होते, पोळपाट होते, उदबत्त्या होत्या, मसाले होते, तपासून, शिक्के मारून, बारकोड लावून. एक्सेल शीटमधल्या निम्म्या ओळी तिथे फळीवर बसून आमची वाट बघत होत्या. जावयांनी भाव लिहून घेतले आणि घनमीटरच्या भावाशी ताडून पाहिले. निकाल त्यांनी कोणाला सांगितला नाही. पाटाबद्दल मात्र मी अजून वाद घालतो. पाट आणून त्यांना परवडला की नाही हे शीटला ठरवू द्या. पाट न नेता आमच्या घरात राहणं कोणाला परवडलं असतं, ते शीटमध्ये शेवटच्या सदरात लिहिलेलं आहे.

आम्ही तिकडे जाऊन आलो तेव्हा घर बघितलं. माळा नव्हता. मराठी माणूस माळ्यावाचून कसा राहील या काळजीत असतानाच जावयांनी गॅरेज उघडलं. गाडी बाहेर रस्त्यावर आणि आत सगळं सामान, फळ्यांवर, नंबर टाकलेलं. सगळ्यात वरच्या फळीवर डिनर सेट, तोच, बबल रॅपमध्ये नव्याने गुंडाळलेला.

"अगं, इथे तरी वापरा," मी म्हणालो.

"बाबा, पाहुणे आले की कागदाच्या प्लेट्सच बऱ्या पडतात. आणि सेट चांगला आहे हो, खराब होईल."

जावयांनी खुलासा केला की पुढेमागे कायमचं भारतात परतायचं ठरलं, तर आपलं कस्टमसुद्धा वापरलेल्या घरसामानाला सवलत देतं. वापरलेल्या. तेव्हा मी मुलीला एवढंच सुचवून आलो की परतीची तारीख ठरली की मला आधी कळव. मी एक आठवडा आधी येतो आणि पुन्हा पिठलं खातो.